पंखा फिरवू नये

काकूंनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "इंजिनाची काही काळजी करू नकोस, रंगनाथ. मी रोज न चुकता पंखा फिरवते."

मी कप खाली ठेवला.

"रोज?" मी विचारलं.

"रोज म्हणजे रोज. दुपारी ह्यांचं जेवण उरकलं की जाते. जाऊन-येऊन तासभर लागतो. दहा वेळा फिरवायचा, असं ह्यांनी सांगितलंय. होय की नाही हो?"

पलंगावरून कॅप्टन घोरपड्यांनी मान हलवली. उजवीकडे जेवढी हलत होती तेवढीच. डावं अंग लकव्याने गेलं होतं आणि तोंडही त्या बाजूला ओघळलं होतं. बोलणं जड, अडखळत यायचं. एकेक वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागायचा. मी इथे त्यांचं बोलणं सरळ करून सांगतो आहे, एवढंच.

"दहा वेळा," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी तेव्हा लहान विमानांची इंजिनं तपासत गावोगाव हिंडायचो. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण त्या काळातला थकवा अजून गुडघ्यांत आहे. हत्यारांची जड पेटी, एसटीचे धक्के, लॉजवरच्या ओल्या चादरी. लोक कौतुकाने मला विमानांचा डॉक्टर म्हणत. खरं तर बहुतेक ठिकाणी मला पोस्टमॉर्टेमलाच बोलावत. विमान वर्षानुवर्षं कुठल्यातरी शेडमध्ये पडून राहायचं, मग कुणाला तरी त्याची आठवण व्हायची, मी जायचो, आत बघायचो आणि मान हलवून परत यायचो. वापरून झिजलेली इंजिनं मी फार थोडी पाहिली. नुसती बसून सडलेलीच जास्त.

शिरसवाडीला मात्र मी आशेने आलो होतो, कारण इथलं विमान कॅप्टन घोरपड्यांचं होतं. तसं ते फ्लाइंग क्लबचं. पण कॅप्टन तिथले मुख्य प्रशिक्षक, क्लबात त्यांचाच शब्द चालायचा आणि मीही तरुणपणी त्याच हँगरमध्ये त्यांच्या शिव्या खात काम शिकलो. दोन जणांचं, पंख वर असलेलं ते जुनं विमान. निम्म्या जिल्ह्याची पोरं त्यावर उडायला शिकली. सगळे त्याला आक्का म्हणायचे. मग धावपट्टी रुंद करायचं निघालं, कंत्राटदाराने ती उखडून ठेवली आणि गडी गायब झाला. पोरं दुसरीकडे गेली, मेकॅनिक गेला, क्लबाला कुलूप लागलं. आक्का हँगरमध्येच अडकली. त्यानंतर दोन पावसाळे गेले. नदी जवळ, चारी बाजूंनी ऊस, हवेत कायम ओल.

पण क्लब बंद होताना कॅप्टन अजून धडधाकट होते आणि त्यांनी इंजिन नीट निजवून ठेवलं होतं. मी त्याला निजवणंच म्हणतो. जुनं तेल काढून गंजरोधक तेल भरायचं, प्रत्येक सिलिंडरमध्ये त्याचा फवारा मारायचा, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलच्या दाण्यांचे पारदर्शक प्लग लावायचे. दाणे आतली ओल शोषतात. निळे असले तर ठीक, गुलाबी झाले की ओलीने भरले. आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं, विमानाच्या नाकावरच्या पंख्याला लाल पाटी बांधायची, की हा फिरवू नका.

कारण थंड इंजिनाचा पंखा हाताने फिरवला की आतले दट्टे, म्हणजे पिस्टन, खालीवर होतात आणि सिलिंडरच्या भिंतींवरचा तेलाचा थर खरवडून काढतात. तव्याला तेलाचा हात फिरवून ठेवावा आणि कुणीतरी रोज येऊन तो पुसून जावा, तसं. मग उघड्या लोखंडाला ओल लागते, गंज चढतो, आणि पुढे इंजिन चालू केलं की तो गंज सगळं कुरतडत जातो. पुष्कळांना वाटतं, फिरवत राहिलं की इंजिन मोकळं राहतं. मायेने केलेली ही चूक मी किती ठिकाणी पाहिली असेल.

पण कॅप्टन घोरपडे ही चूक करणारे नव्हते. ह्याच चुकीसाठी त्यांनी एकदा मला हँगरबाहेर काढलं होतं.

"सर," मी म्हणालो, "पण पंखा तर..."

"पोतदार," ते म्हणाले, "चहा गार होतोय."

काकू माझ्याकडे बघत होत्या. साठी ओलांडलेल्या, एकेकाळी अंगाने चांगल्या भरलेल्या. आता हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. डोळ्यांखाली काळं. त्यांच्यासमोर काय बोलणार? दोन पावसाळे ही बाई उसातून चालत जाऊन त्या विमानाची सेवा करत होती, आणि मी सांगणार, की काकू, तुम्हीच ते मारलंत.

मराठवाड्यातल्या एका नव्या फ्लाइंग स्कूलला आक्का हवी होती. धावपट्टीचा अर्धा भाग आता कसाबसा दुरुस्त झाला होता, हलकं विमान उडण्यापुरता. मी इंजिन चांगलं आहे म्हटलं की त्यांचा वैमानिक येऊन तिला घेऊन जाणार. नाही म्हटलं तर ती त्याच शेडमध्ये मरणार. नवीन इंजिन घालण्याची ऐपत ना क्लबाची, ना त्या स्कूलची.

"आधी बघून ये," कॅप्टन म्हणाले. "मग बोलू." आणि काकूंना म्हणाले, "तूही जा त्याच्याबरोबर. तुझी वेळ झालीच आहे."

काकूंनी त्यांच्या उजव्या हाताशी पाण्याचं भांडं ठेवलं. पलंगाला टेकून एक काठी ठेवली. अंगावरची चादर सारखी केली, खिडकी अर्धी लोटली, परत येऊन भांडं आणखी जरा जवळ सरकवलं. दारापर्यंत गेल्या आणि पुन्हा वळून बघितलं.

"जा गं," कॅप्टन म्हणाले. "मी कुठं पळून जातोय?"

हँगरकडे जायला उसाच्या बांधावरून वाट होती. काकू पुढे, मी पेटी सावरत मागे. मुलगी बडोद्याला असते, वर्षातून एकदा येते, असं त्या सांगत होत्या. कामाला एक बाई ठेवून बघितली, पण तिने ह्यांना कुशीवर वळवताना दोनदा दुखवलं, मग काढून टाकली. "दुसऱ्याच्या हाताचं मला पटत नाही रे," त्या म्हणाल्या. "मीच करते. होतंय तोवर करायचं."

हँगरचं दार दोघांनी मिळून ढकललं. आत जुन्या तेलाचा आणि कबुतरांचा वास. आक्का तशीच उभी होती, नाकावर ताडपत्री. पंख्याला लाल पाटी लटकत होती. त्यावर पांढऱ्या रंगात कॅप्टनचं ते ठसठशीत अक्षर: इंजिन निजवलेले आहे. पंखा फिरवू नये. य. घोरपडे.

मी पाटी वाचली, आणि काकूंकडे बघायचं टाळलं.

कोपऱ्यात लाकडी घोडीवर दुसरं एक इंजिन होतं. ते मी ओळखलं. फार पूर्वी नदीत पडलेल्या विमानाचं, आतून पार जाम झालेलं. पोरांना शिकवायला म्हणून त्याची एक बाजू कापून ठेवली होती. त्याच्या शेजारी विमानातून काढलेली रेक्झिनची जुनी खुर्ची होती. काकू त्या खुर्चीवर जाऊन बसल्या, सवयीने.

मी ताडपत्री काढली, झाकणं उघडली, आणि पहिला धक्का बसला. दाणे निळे होते. स्वच्छ, गडद निळे. दोन पावसाळे खाल्लेले दाणे असे असूच शकत नाहीत.

"काकू, हे कोण बदलतं?"

"मीच की. दोन जोड आहेत. गुलाबी दिसायला लागले की दुसरा जोड लावते आणि हे घरी नेऊन कढईत भाजते. निळे झाले की डब्यात भरून ठेवायचे. ह्यांनी दाखवून ठेवलं होतं, आजाराच्या आधी. का? चुकलं काय?"

"नाही, नाही. बरोबर आहे."

एक प्लग काढून मी त्या भोकातून नळीची दुर्बीण आत सोडली. बारीक दिवा असलेली ही दुर्बीण हाच माझा खरा जोडीदार. ती खोटं बोलत नाही. मी डोळा लावला आणि गंजाचे तांबडे डाग शोधायला लागलो. एकही सापडेना. भिंतींवर तेलाचा थर जसाच्या तसा, मधासारखा. दुसरं सिलिंडर बघितलं. तिसरं, चौथं. सगळीकडे तेच. रोज दहा वेळा दट्टे फिरलेल्या इंजिनात हे दिसणं शक्य नव्हतं. डोळे चोळून मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

एवढ्यावर मी सही करणार नव्हतो. इंजिनाचा कॅम, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, दुर्बिणीला दिसत नाही, आणि गंज चढला तर आधी तिथेच चढतो. त्यासाठी एक सिलिंडर उतरवायला हवं होतं, आणि ते उतरवण्याआधी त्याचा दट्टा वर आणायला हवा. मी पाटी सोडून बाजूला ठेवली, स्विच आणि तारा तपासल्या आणि सहज म्हणालो, "काकू, तुमचा हात बसलेला आहे. जरा पंखा फिरवता? मी सांगतो तिथं थांबवा."

काकू उठल्या. पदराला हात पुसले. पंख्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि नुसत्याच बघत राहिल्या. मग त्यांनी पात्याचं टोक मुठीत धरलं, जात्याचा खुंटा धरतात तसं, आणि उलट्या बाजूला ढकललं.

"उलटा नको, काकू. इकडून."

त्यांनी हात बदलले. पातं खाली आलं तसा पंखा अलगद फिरला, आणि त्या एकदम दचकून मागे सरकल्या.

"इतका हलका असतो होय हा?" त्या म्हणाल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. मी दट्टा कुठं आला ते बघत राहिलो.

"पहिल्या दिवशी फिरवायलाच आले होते मी," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "पण पाटी वाचली. ह्यांचंच अक्षर. तेव्हा आजार नवा होता. मध्येच काहीबाही बोलायचे. विझलेला दिवा विझव म्हणायचे, मला आईच्या नावाने हाक मारायचे. म्हटलं, हे पंखा फिरवायचं खूळ आजाराचं आहे. पाटी लिहिली ती शहाण्या डोक्याने. मी पाटीचं ऐकलं."

"त्यांना सांगितलं का नाहीत?"

"एकदा म्हटलं, पाटीवर तर फिरवू नका लिहिलंय. तर किती चिडले. ती पाटी दुसऱ्यांसाठी आहे, तू फिरवायचाच, म्हणाले. मग मी म्हणायला लागले, फिरवला. रोज विचारतात आल्यावर, फिरवलास? मी म्हणते, फिरवला."

"आणि मग तासभर इथं काय करता?"

काकूंनी खुर्चीकडे बघितलं.

"झोपते," त्या म्हणाल्या. अगदी हळू. "घरी डोळा लागत नाही रे. खुट्ट झालं की उठते, नाही झालं तरी उठते, श्वास चालू आहे का बघायला. इथं ह्या खुर्चीत टेकले की मेल्यासारखी झोप लागते. इथं कुणी काही मागत नाही." त्यांनी तोंडावरून पदर फिरवला. "नवरा तिकडं अंथरुणाला खिळलाय आणि बाई इथं घोरत पडलीय. कुणाला सांगायचं हे? तूही त्यांना सांगू नकोस. त्यांना वाटतं, आपलं विमान आपण सांभाळतोय. तेवढं एकच काम उरलंय त्यांच्या हातात."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

सिलिंडर उतरवायला बराच वेळ लागला. सोबतीला कुणी नव्हतं, गुडघे कुरकुरत होते. मधे एकदा वळून बघितलं तर काकूंना झोप लागलेली. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, पायातली एक चप्पल निसटलेली. त्यानंतर मी प्रत्येक पाना फडक्यावर ठेवला, आवाज होऊ नये म्हणून. इतक्या हळुवारपणे मी उमेदवारीच्या काळातही काम केलं नसेल.

सिलिंडर हातात आलं. मी दिवा आत धरला. कॅम चकचकीत होता, तेलाने ओला, कुठंही खरड नाही. मी तिथंच जमिनीवर बसलो. कितीतरी दिवसांनी एक जिवंत इंजिन बघत होतो. आनंद झाला, फार झाला, पण उठून उभं राहायचं बळ नव्हतं, म्हणून बसूनच तो घेतला.

काकू जाग्या झाल्या तेव्हा त्यांच्या गालावर खुर्चीच्या शिवणीचा लांब वळ उठला होता.

घरी आलो. कॅप्टन छताकडे बघत पडले होते. भांड्यातलं पाणी जसंच्या तसं होतं.

"फिरवलास?" त्यांनी विचारलं.

"फिरवला," काकू म्हणाल्या.

"पोतदारला पिठलं-भाकरी कर. भुकेला असेल."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. स्टोव्हचा आवाज सुरू होईपर्यंत कॅप्टन थांबले. मग म्हणाले, "बोल. गेलं ना?"

"नाही, सर. उत्तम आहे. कॅमसुद्धा बघितला. असं इंजिन मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नाही."

मला वाटलं, त्यांचा चेहरा उजळेल. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"नीट बघितलंस?"

"सगळं बघितलं."

"खराब असायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "रोज फिरवल्यावर खराब होणारच. मी आक्काचा हिशेब सोडून दिला होता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, सर? मग का फिरवायला लावलंत?"

त्यांनी उजवा हात उचलून स्वयंपाकघराकडे दाखवला.

"तिला म्हटलं, जा, जरा बाहेर हिंडून ये. गेली नाही. देवळात जा म्हटलं, गेली नाही. बहिणीकडे जा, तरी नाही. ह्या खोलीतून हलायचीच नाही. माझ्याआधी तीच संपली असती." थांबून त्यांनी श्वास घेतला. "मग मी काम सांगितलं. माझ्या विमानाचं काम. तेव्हा गेली. दुसरं काय सांगणार होतो? ह्या अंगाने मला दुसरं काय देता येणार होतं तिला? इंजिन जाईल तर जाईल म्हटलं."

स्टोव्ह भणभणत होता. मी पाण्याच्या भांड्याकडे बघत होतो.

"तुम्ही पाणी नाही प्यायलात," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो.

"एका हाताने सांडतं. अंथरूण ओलं दिसलं की दुसऱ्या दिवशी जायची नाही. त्या तासात मी काही मागत नाही." मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदाच. "आता आक्का गेली की मी हिला कुठं पाठवू, पोतदार?"

मी खिशातून तपासणीचा कागद काढला.

"लिही, इंजिन खराब आहे. राहू दे तिला इथंच."

"ते मला लिहिता येणार नाही, सर. तुम्हीच शिकवलंत तसं."

"हो," ते म्हणाले. "मीच शिकवलं. मूर्खपणा केला." आणि ओठाच्या एका कोपऱ्यातून हसले. मग बराच वेळ विचार करून म्हणाले, "तिने फिरवला नाही. नाहीतर इंजिन असं राहिलं नसतं. मग ती तिथं काय करते?"

मी शब्द दिला होता. खिडकीबाहेर बघत राहिलो.

"गालावर वळ असतो परत येते तेव्हा," ते म्हणाले. "मला वाटायचं, पातं लागतं की काय. झोपते ना?"

मी हातावरचं तेल फडक्याने पुसायला लागलो. त्यांना उत्तर मिळालं असावं. त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं, कानाकडे ओघळलं. ते पुसायला त्यांनी हातही उचलला नाही.

"बरं झालं," ते म्हणाले. "फार बरं झालं."

मी आयुष्यभर खरं तेच सांगत आलो होतो. इंजिन मेलं तर मेलं, जगलं तर जगलं. त्या दिवशी मात्र माझं डोकं भलतीकडेच धावलं.

"सर," मी म्हणालो, "ते घोडीवरचं इंजिन आहे ना, त्याचं काय?"

"त्याचं काय? ते नदीत बुडून मेलंय."

"मेलंय खरं. पण क्लब पुन्हा सुरू झाला तर पोरांना शिकवायला लागेल. सांभाळायला नको?"

कॅप्टननी माझ्याकडे टक लावून बघितलं. मग सगळा जोर एकवटून त्यांनी हाक मारली, "इंदू. जरा इकडं ये."

काकू पिठाच्या हातांनी दारात आल्या.

"आक्का चाललीय. इंजिन चांगलं राहिलं तुझ्यामुळं," ते म्हणाले. "आता ते दुसरं आहे ना, घोडीवरचं. त्याची जबाबदारी तुझ्यावर. रोज जायचं."

"त्याला काय करायचं?"

कॅप्टन माझ्याकडे बघायला लागले. एवढं बोलूनच ते दमले होते. आणि मी माझ्या साऱ्या नोकरीतली एकमेव खोटी सूचना दिली.

"मी त्याला दाणे लावून देतो, काकू. रोज रंग बघायचा. नुसतं बघून निघून यायचं नाही. जरा थांबावं लागतं, तासभर तरी. हवा बदलते तसा रंग बदलतो."

"आणि फिरवायचं?"

"ह्याला पंखाच नाही, काकू."

पुढच्या आठवड्यात स्कूलचा वैमानिक आला. मी सिलिंडर बसवलं, गंजरोधक तेल काढून नवं भरलं, दाण्यांच्या जागी स्पार्क प्लग लावले. आक्का जराशी खोकली आणि चालू झाली. अर्ध्या धावपट्टीवरून ती उठली तेव्हा मी आणि काकू हँगरच्या दारात उभे होतो. तिने घरावरून एक वळण घेतलं. पलंगावर कॅप्टनना ते ऐकू गेलं असणार. खिडकी काकूंनी सकाळीच पूर्ण उघडी ठेवली होती.

आवाज विरला. आत आलो तर हँगर फारच मोठा वाटायला लागला. मधोमध जमिनीवर तेलाचा काळा डाग, आणि कोपऱ्यात ते मेलेलं इंजिन, त्याला मी लावलेले निळे दाणे. काकू त्याच्यापाशी गेल्या. कापलेल्या बाजूने वाकून आत बघितलं.

"रंगनाथ, ह्याच्या पोटातून तर पलीकडची भिंत दिसते."

"दमट हवा आहे, काकू. सांभाळलेलं बरं."

"हे करायला ह्यांनी सांगितलं?"

"हो."

"तो पंखा फिरवायलाही ह्यांनीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. आणि मग बराच वेळ त्या कापलेल्या लोखंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पाटी लिहिणाऱ्याला माहीत नसेल होय, फिरवायचा नसतो ते?"

त्या मला विचारत नव्हत्या. खुर्चीकडे वळल्या, पुन्हा इंजिनाकडे वळल्या. त्यांचा चेहरा आधी सैल झाला आणि मग चुरगळला. त्या रडल्या, आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. मी हत्यारं पुसत राहिलो, आधीच पुसलेली.

"ती पाटी कुठाय?" शेवटी त्या म्हणाल्या.

मी पेटीवर ठेवलेली लाल पाटी त्यांना दिली. त्यांनी ती त्या इंजिनाला बांधली. पंखा नसलेल्या इंजिनाला. सुतळीची गाठ दोनदा आवळली, अक्षरावरची धूळ बोटाने पुसली.

"तू घरी जा," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापाशी बस जरा. मी येते तासाभराने."

त्यांनी चपला काढल्या आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या. मी हँगरचं दार अर्धं लोटलं आणि बांधावरून परत आलो.

कॅप्टन जागे होते. भांडं उजव्या हाताशी भरलेलंच होतं.

"थांबली का?" त्यांनी विचारलं.

"थांबली, सर."

"चिडली?"

"नाही. चपला काढून बसल्या आहेत."

ते खिडकीकडे बघत राहिले. बाहेर उसात पाट सोडला होता, त्याचा आवाज येत होता.

"तू आहेस ना थोडा वेळ?"

"आहे, सर."

"मग मला उठवून पाणी पाज," ते म्हणाले. "मघापासून तहान लागलीय."